रेस ज्युडिकाटा: जुन्या निकालाने नवा दावा कधी अडतो आणि कधी अडत नाही

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. काटोल तालुक्यातील आपल्या संत्र्याच्या बागेवरून आपल्या आजोबांविरुद्ध त्यांच्या धाकट्या भावाने 1987 साली मनाई हुकुमाचा दावा लावला होता आणि तो 1993 साली खारीज झाला. पुढे फेरफाराच्या वादात तहसीलदार आणि उपविभागीय अधिकारी या दोघांनीही आपल्या बाजूने आदेश दिले. आता त्या धाकट्या आजोबांच्या नातवाने त्याच शेताच्या वाटणीचा दावा दाखल केला आहे. ओळखीच्या एका वकिलांनी ‘यात रेस ज्युडिकाटा लागतो, पहिल्याच तारखेला दावा उडेल’ असे आपल्याला सांगितले आहे. या शब्दाचा अर्थ काय आणि तो आपल्या कितपत कामाचा, असे आपण विचारले आहे.

पहिल्या तारखेला दावा उडण्याची शक्यता फार कमी आहे, हे आधीच सांगतो. मात्र 1993 च्या निकालपत्रात नेमके काय ठरले आहे त्यावर हा बचाव अतिशय भक्कम ठरेल की नुसता नावापुरता उरेल, हे अवलंबून आहे. नागपूरच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी वकिली करताना मी पाहतो की, पक्षकार जुन्या दाव्याचा केवळ शेवटचा कागद, म्हणजे हुकूमनामा, जपून ठेवतात. या बचावाला लागणारे बाकीचे सारे कागद मात्र कुणाकडेच नसतात.

‘रेस ज्युडिकाटा’ या लॅटिन शब्दांचा अर्थ ‘न्यायालयाने निकाली काढलेली बाब’ असा होतो. मराठी कायदेविषयक लेखनात त्यासाठी ‘प्राङ्न्याय’ किंवा ‘पूर्वन्याय’ हे शब्द येतात. एकाच कारणासाठी एखाद्याला दोनदा कोर्टाची पायरी चढायला लावू नये आणि खटल्यांना कुठेतरी शेवट असावा, ही दोन तत्त्वे त्यामागे आहेत. शब्द रोमन कायद्यातला असला तरी कल्पना आपल्याकडे परकी नाही. धर्मशास्त्रात प्रतिवादीने द्यायच्या उत्तराचे जे चार प्रकार सांगितले आहेत त्यांत ‘या बाबतीत तू पूर्वीच हरला आहेस’ हे प्राङ्न्यायाचे उत्तर आहे. ‘मिताक्षरा’ आणि ‘मयूख’ या जुन्या धर्मशास्त्रग्रंथांचे कर्ते विज्ञानेश्वर आणि नीलकंठ या दोघांनीही स्मृतिकार कात्यायनाच्या वचनाच्या आधारे ते मान्य केले आहे. 1916 साली शिवपरसन सिंह विरुद्ध रामनंदन सिंह या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपिली न्यायसंस्थेने, याच ग्रंथकारांचा दाखला दिला आणि संहितेतील नियमाचे मूळ इंग्रजी कायद्यात दाखवता आले तरी हे तत्त्व हिंदू भाष्यकारांनी सांगितलेल्या कायद्याच्या विरोधात मुळीच नाही, असे नमूद केले. तो निकाल लिहिणारे सर लॉरेन्स जेन्किन्स पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते.

आज हे तत्त्व दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या कलम 11 मध्ये आहे. त्या कलमाची भाषा लांबलचक असली तरी तिचा गाभा असा आहे: जी बाब नव्या दाव्यात प्रत्यक्षपणे आणि मूलतः वादात आहे, तीच बाब जुन्या दाव्यातही प्रत्यक्षपणे आणि मूलतः वादात असली पाहिजे, दोन्ही दावे त्याच पक्षकारांमध्ये, किंवा ते ज्यांच्याकडून हक्क सांगतात त्यांच्यामध्ये, त्याच नात्याने लढले गेलेले असले पाहिजेत, जुने न्यायालय सक्षम असले पाहिजे, आणि त्या बाबीची सुनावणी होऊन तिचा अंतिम निर्णय झालेला असला पाहिजे. यांपैकी एक अट जरी निसटली तरी कलम 11 लागत नाही. ‘त्याच नात्याने’ ही अट बरेचदा नजरेआड होते. देवस्थानाचा विश्वस्त म्हणून दावा हरलेला माणूस पुढे त्याच जागेवर स्वतःचा मालकी हक्क सांगू लागला तर माणूस तोच असला तरी नाते बदलते आणि जुना निकाल त्याला आपोआप अडवत नाही.

न्यायालयाच्या सक्षमतेबद्दल फार काळजी करण्याचे कारण नाही. नवा दावा वरिष्ठ स्तर न्यायालयात आणि जुना कनिष्ठ स्तर न्यायालयात असला तरी 1976 च्या दुरुस्तीने आलेल्या स्पष्टीकरण 8 मुळे मर्यादित अधिकारितेच्या न्यायालयाचा निर्णयही बांधतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सुलोचना अम्मा प्रकरणात 1993 साली स्पष्ट केले आहे. पक्षकारांचा मुद्दाही बहुधा आपल्या बाजूचा आहे. नातू आपल्या आजोबांमार्फत हक्क सांगत असेल तर आजोबांविरुद्धचा निर्णय त्याच्यावर बंधनकारक आहे. ‘मी जन्मतः सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतला हिस्सेदार, आहे, आजोबांच्या दाव्याशी माझा संबंध नाही’ असे तो म्हणू शकेल, परंतु आपल्या शाखेचा कर्ता, म्हणजे कुटुंबप्रमुख, म्हणून आजोबांनी प्रामाणिकपणे लढलेला दावा त्या शाखेतील इतरांनाही बांधतो. खरी अडचण पुढेच आहे.

1987 चा दावा मनाई हुकुमाचा होता. अशा दाव्यात न्यायालयापुढचा मुख्य प्रश्न असतो तो दावा दाखल झाला त्या दिवशी ताबा कोणाचा होता आणि त्याला कोणी हरकत करत होते का, हा. मालकीचा किंवा वाटणीचा प्रश्न अनेकदा ओघाने येतो, निकालपत्रात त्यावर चार ओळीही लिहिल्या जातात, पण ओघाने आलेल्या प्रश्नावर न्यायालयाने काही म्हटले म्हणून तो प्रश्न कायमचा निकाली निघत नाही. कोणता मुद्दा प्रत्यक्षपणे व मूलतः वादात होता आणि कोणता केवळ आनुषंगिक होता, याची तपशीलवार छाननी सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली सज्जादनशीन सय्यद विरुद्ध मुसा दादाभाई उम्मेर या प्रकरणात केली आहे. नुसत्या मनाई हुकुमाच्या दाव्यात मालकीच्या प्रश्नात न्यायालयाने कधी शिरावे, हे 2008 च्या अनाथुला सुधाकर प्रकरणात सांगितले आहे. या दोन निकालांतून हाती येणारी कसोटी अशी: त्या मुद्द्यावर वादप्रश्न, म्हणजे न्यायालयाने निर्णयासाठी लिहून ठेवलेला प्रश्न, काढला होता का, त्यावर दोन्ही बाजूंनी पुरावा दिला होता का, आणि त्याचे उत्तर दिल्याशिवाय न्यायालयाला शेवटच्या निष्कर्षापर्यंत पोहोचता आलेच नसते का?

ही कसोटी आपल्या निकालपत्राला लावून पाहा. त्यात ‘वादीला आपला ताबा सिद्ध करता आला नाही, सबब दावा खारीज’ एवढेच असेल, तर शेत एकत्र कुटुंबाचे होते की आधीच वाटले गेले होते याबद्दल काहीही ठरलेले नाही. अशा वेळी वाटणीच्या दाव्याला रेस ज्युडिकाटा लागत नाही, कारण सहमालकाचा प्रत्यक्ष ताबा नसला तरी त्याचा हिस्सा शिल्लक असू शकतो. याउलट आपल्या आजोबांनी त्या वेळी लेखी जबाबात, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, ‘दोघा भावांची वाटणी पूर्वीच झाली असून हे शेत माझ्या वाट्याला आले आहे’ असे म्हटले असेल, न्यायालयाने ‘पूर्वीची वाटणी प्रतिवादीने सिद्ध केली आहे काय’ असा वादप्रश्न काढून त्याचे उत्तर होकारार्थी दिले असेल, आणि त्याच पायावर दावा खारीज केला असेल, तर आपल्या हाती भक्कम शस्त्र आहे. नवा दावा वाटणीचा आहे आणि जुना मनाईचा होता, एवढ्या फरकाने नातवाचा बचाव होणार नाही. मागितलेली दाद वेगळी असली तरी ठरलेला मुद्दा तोच असू शकतो.

आणखी एक बारकावा आहे. समजा, न्यायालयाने दावा मुदतबाह्य म्हणून खारीज केला, पण जाता जाता ‘शेत एकत्र कुटुंबाचे आहे’ असा निष्कर्षही लिहिला. तो निष्कर्ष आपल्या विरुद्ध आहे, परंतु हुकूमनामा आपल्या बाजूने असल्यामुळे आजोबांना त्याविरुद्ध अपील करण्याचे कारणच नव्हते, आणि म्हणून तो निष्कर्ष आपल्याला बांधत नाही. जिंकलेल्या पक्षाविरुद्ध लिहिलेली वाक्ये समोरचा वकील मोठ्या आवाजात वाचून दाखवतो, तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नसते.

आता ‘अनुमानित’ पूर्वन्यायाकडे वळतो, कारण आपल्या परिचित वकिलांच्या मनात बहुधा हाच असावा. कलम 11 च्या स्पष्टीकरण 4 प्रमाणे, जो मुद्दा जुन्या दाव्यात हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी घेता आला असता आणि घ्यायला हवा होता, तो घेतला नसला तरी प्रत्यक्ष वादात होता असे मानले जाते. 1977 च्या नवाब हुसेन प्रकरणातील पोलीस उपनिरीक्षकाने बडतर्फीविरुद्ध आधी रिट याचिका केली, ती फेटाळल्यावर दिवाणी दावा लावला आणि त्यात ‘मला बडतर्फ करणाऱ्या अधिकाऱ्याला तो अधिकारच नव्हता’ हा नवा मुद्दा काढला. हा मुद्दा याचिकेच्या वेळीच घ्यायला हवा होता, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तो पुढे ऐकला नाही. यावरून ‘धाकट्या आजोबांनी 1987 मध्येच वाटणी का मागितली नाही’ असा युक्तिवाद सुचतो. तो जरूर करावा, पण त्यावर विसंबून राहू नये असे माझे मत आहे. कुटुंब एकत्र आहे तोपर्यंत वाटणी मागण्याचा हक्क चालूच राहतो, आणि ताब्याला झालेली हरकत हे मनाईच्या दाव्याचे कारण वाटणीच्या दाव्याच्या कारणाहून वेगळे असते. एकाच कारणातून निघणाऱ्या सर्व मागण्या एकाच दाव्यात कराव्यात, हा त्याच संहितेतील आदेश 2 नियम 2 चा अडसरही याच कारणाने बहुधा तोकडा पडेल. स्पष्टीकरण 4 ची धार उलट दिशेनेही लागते, हे विसरू नका: जुन्या दाव्यात आजोबांनी जो बचाव घ्यायला हवा होता आणि घेतला नाही, त्याबद्दल समोरचा पक्षही हाच प्रश्न विचारू शकतो.

‘खारीज’ हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. वादी गैरहजर राहिल्याने दावा खारीज झाला असेल, वादपत्र, म्हणजे वादीने दाखल केलेला दाव्याचा मूळ कागद, आदेश 7 नियम 11 खाली सुरुवातीलाच नाकारले गेले असेल, न्यायालयाला अधिकार नाही किंवा दावा वेळेआधीच आणला आहे या कारणाने तो संपला असेल, तर गुणदोषांवर सुनावणी झालेली नसते आणि कलम 11 लागत नाही. तरीही समोरची वाट मोकळीच असते असे नाही. गैरहजेरीत खारीज झालेल्या दाव्याच्याच कारणावर नवा दावा आणायला आदेश 9 नियम 9 मनाई करतो, आणि परवानगीशिवाय मागे घेतलेल्या दाव्याला आदेश 23 नियम 1 आडवा येतो. एकतर्फी हुकूमनामा मात्र पुराव्यावर दिलेला असतो, म्हणून तो बंधनकारक धरला जातो. तडजोडीच्या हुकूमनाम्यात न्यायालय स्वतः काही ठरवत नाही. तिथे पक्षकारांची स्वतःची कबुली त्यांना अडवते आणि तडजोड बेकायदेशीर होती म्हणून वेगळा दावा लावण्यास आदेश 23 नियम 3अ चा प्रतिबंध असतो.

फेरफाराच्या आदेशांवर आपण बराच भर दिला आहे. त्यांचा इथे फारसा उपयोग नाही. सातबाऱ्यावरील नोंद महसूल गोळा करण्यासाठी असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे ती खरी आहे असे विरुद्ध सिद्ध होईपर्यंत गृहीत धरले जाते, पण फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 च्या सावर्णी विरुद्ध इंदर कौर या प्रकरणापासून पुन्हा पुन्हा सांगितले आहे. तहसीलदार आणि उपविभागीय अधिकारी या दोघांचे आदेश आपल्या बाजूने आहेत म्हणून दिवाणी न्यायालयाला मालकीचा प्रश्न बंद होत नाही. ताब्याचा पुरावा म्हणून ते आदेश दाखल करावेत. पूर्वन्याय म्हणून नव्हे. कूळ कायद्याची गोष्ट वेगळी आहे. एखादा इसम कूळ आहे की नाही हा प्रश्न कायद्याने महसुली प्राधिकाऱ्याकडेच सोपवलेला आहे, आणि त्याने दिलेला अंतिम निर्णय दिवाणी न्यायालयही मानते. आपल्या शेताचा असा काही इतिहास असेल तर तो जरूर शोधावा.

हे झाले तत्त्वाचे. तो बचाव घ्यायचा कसा, यात अधिक पक्षकार फसतात. रेस ज्युडिकाटा लेखी जबाबात स्पष्टपणे मांडावा लागतो: कोणता दावा, कोणते न्यायालय, कोणते पक्षकार, कोणता मुद्दा, काय ठरले. मांडला नाही तर तो सोडून दिला असे मानले जाते. मग पुढे विसंगत हुकूमनामा झाला तर सामान्यतः नंतरचाच चालतो. मांडल्यावर तो सिद्धही करावा लागतो, आणि नुसत्या निकालपत्राने ते सहसा भागत नाही. 2003 सालच्या व्ही. राजेश्वरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या दाव्यातील वादपत्र, लेखी जबाब, वादप्रश्न आणि निकालपत्र या सर्वांवर भर दिला आहे. कारण काय वादात होते ते वादपत्र आणि जबाब वाचल्याशिवाय कळत नाही.

याच कारणाने ‘पहिल्या तारखेला’ हे भाकीत मला पटत नाही. आदेश 7 नियम 11 खाली वादपत्र नाकारताना न्यायालय केवळ वादपत्र आणि त्यासोबतची कागदपत्रे पाहते. प्रतिवादीचा बचाव पाहत नाही. बेळगावच्या एका मालमत्तेवरून उद्भवलेल्या श्रीहरी हनुमानदास तोतला विरुद्ध हेमंत विठ्ठल कामत या प्रकरणात 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पूर्वन्याय ठरवण्यासाठी जुन्या दाव्यातील कागद तपासावे लागत असतील तर तो मुद्दा या टप्प्यावर ठरवता येत नाही. नागपूरला काय किंवा इतरत्र काय, असे अर्ज रोज दाखल होतात, आणि त्यातले बरेचसे केवळ तारखा वाढवण्याच्या कामी येतात. माझा सल्ला असा की अर्जाच्या मागे न लागता लेखी जबाबात हा मुद्दा नेटका घ्या आणि त्यावर स्वतंत्र वादप्रश्न काढून घ्या. त्याला पुराव्याची गरज पडणार नाही असे दिसले, तर आदेश 14 नियम 2 खाली तो आधी ठरवण्याची विनंती करा.

समोरून काय येऊ शकते, तेही ऐकून ठेवा. जुना निकाल चुकीचा होता, हा युक्तिवाद टिकत नाही. चुकीचा निर्णयही अपील न केल्यास बांधतो. जुना हुकूमनामा लबाडीने किंवा संगनमताने मिळवला होता, हे मात्र म्हणता येते. भारतीय साक्ष अधिनियम, 2023 चे कलम 38 (पूर्वीच्या पुरावा कायद्याचे कलम 44) त्याची मुभा देते, पण त्यासाठी तपशीलवार आरोप आणि पुरावा लागतो. तिसरा मुद्दा कायदा बदलल्याचा. मथुरा प्रसाद विरुद्ध दोसीबाई जीजीभॉय या 1970 च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, निकालानंतर कायदाच बदलला असेल, किंवा निर्णय केवळ अधिकारितेविषयीच्या चुकीच्या कायद्याच्या प्रश्नावर दिला गेला असेल, तर तो पुढे बांधत नाही. हा मुद्दा आपल्याला दुसऱ्या दिशेने भिडू शकतो. धाकट्या आजोबांच्या किंवा आपल्या आजोबांच्या मुली 1987 च्या दाव्यात पक्षकार नसतील आणि आज त्या किंवा त्यांची मुले मुलींना मुलांप्रमाणेच जन्मतः हिस्सा देणाऱ्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीवर आणि 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालावर आधारून हिस्सा मागत असतील, तर 1993 चा निकाल त्यांच्यापुढे सहजासहजी पुढे करता येणार नाही. अशा वेळी 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने वाटणी झाल्याचे दाखवावे लागेल. तोंडी वाटणी सांगणाऱ्याचे काम फार अवघड होते.

या तत्त्वाचा वापर दिवाणी दाव्यांपुरता नाही. उच्च न्यायालयात गुणदोषांवर फेटाळलेली रिट याचिका त्याच मागणीसाठी अनुच्छेद 32 खाली सर्वोच्च न्यायालयात नव्याने आणता येत नाही, हे 1961 च्या दर्याव प्रकरणापासून ठरले आहे. व्यक्तिस्वातंत्र्यासाठीच्या हेबियस कॉर्पसला, म्हणजे बेकायदेशीर अटकेतून सुटकेसाठीच्या याचिकेला, हा नियम तितक्या कडकपणे लागत नाही. फौजदारी बाजूला त्याचे काम, म्हणजे एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला रोखण्याचे, संविधानाचे अनुच्छेद 20(2) आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 337 करते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 10 मधील ‘रेस सब ज्युडिस’शी मात्र गल्लत करू नका: तिथे जुना दावा अजून चालू असतो आणि नवा केवळ स्थगित होतो.

आता लगेच करायचे काम. समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत, आणि न्यायालयाने मुदत वाढवल्यास 90 दिवसांपर्यंत, लेखी जबाब द्यायचा असतो, म्हणून नकलेचा अर्ज आजच द्या. जुना दावा काटोलच्या न्यायालयात चालला असेल तर त्याचा क्रमांक तिथल्या दाव्यांच्या रजिस्टरवरून मिळेल. फाईल जिल्हा न्यायालयाच्या रेकॉर्ड रूमकडे गेली आहे का, तेही विचारा. जुन्या फाईलमधील काही कागद नियमाप्रमाणे कालांतराने नष्ट केले जातात. वादपत्र किंवा जबाबाची मूळ प्रत नष्ट झालेली असेल तर तसा शेरा लेखी मागून घ्या, म्हणजे आपल्या किंवा जुन्या वकिलांच्या दप्तरातील प्रत दुय्यम पुरावा म्हणून पुढे करता येईल. आणि 1993 च्या निकालाविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपील झाले नव्हते ना, याची खात्री अपिलांच्या रजिस्टरवरूनच करा, घरच्यांच्या आठवणीवरून नव्हे. अपील झाले असेल आणि अपिली न्यायालयाने दावा निराळ्या कारणावर खारीज ठेवला असेल, तर आपल्याला बांधणारा किंवा तारणारा निर्णय तो अपिलाचा असेल आणि वर सांगितलेली कसोटी त्याच निकालपत्राला लावावी लागेल.